किंचित म्हंजे किती?

पिंपळगाव राजात सकाळी माणूस माणसाला भेटला की 'राम राम' होतो. आमच्या गल्लीत मात्र काकाजी दिसले की लोक एकच विचारतात, "किती?" काकाजी चष्मा कपाळावर सरकवतात, सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढतात, तो हातभर लांब धरतात आणि गंभीरपणे सांगतात, "रात्री बहात्तर. सकायी एकाहत्तर." मग समोरच्याकडे असं रोखून बघतात, की त्यातला एक त्यानेच खिशात घातला असावा. "गेला कुठी पन?"

हा गेलेला एक विजेचा आहे. काकाजींचा मुलगा पुण्याला हिंजवडीत असतो. त्याने वडिलांसाठी विजेवर चालणारी गाडी घेऊन दिली. काकाजी फोनवर म्हणाले, "कायले एवढा खर्च करतं, बाप्पा," आणि फोन ठेवल्याबरोबर शेडची मापं घ्यायला टेप घेऊन अंगणात गेले. गाडी आली, नारळ फुटला, बंपरला लिंबू-मिरची लागली. खामगावला झाली, नांदुऱ्याला झाली, गुरुवारी शेगावला दर्शनाला झाली. चालवताना टक्के उतरतात याबद्दल काकाजींचं काहीच म्हणणं नाही. गाडी धावली, खाल्लं, हिशोब मिटला. त्यांचं दुखणं वेगळं आहे. गाडी रात्रभर टिनाच्या शेडात उभी, चारी दारं कुलूपबंद, किल्ली देवघरात गजानन महाराजांच्या फोटोमागे, आणि तरी सकाळी एक टक्का कमी!

"खाऊ दे ना," काकाजी म्हणतात, "मी नाई कुठी म्हनतो? पन सांगून खा ना!"

गाडी कोणत्या कंपनीची ते मी सांगणार नाही, कारण काकाजी आणि कंपनी यांच्यातला पत्रव्यवहार अजून चालू आहे. गाडीसोबत एक जाडजूड पुस्तिका आली होती. अशी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. तिच्यात कुठेतरी म्हटलं आहे, की वाहन बराच काळ उभं राहिल्यास बॅटरीतील चार्ज किंचित कमी होऊ शकतो. काकाजींनी 'किंचित' या शब्दाभोवती लाल शाईने गोल काढला आणि ग्राहक सेवेला फोन लावला.

"म्याडम, किंचित म्हंजे किती?"

"सर, किंचित म्हणजे थोडासा."

"हाव, पन थोडासा म्हंजे?"

"सर, ते नॉर्मल आहे."

"बरं. मंग नॉर्मल म्हंजे किती?"

तिकडची मुलगी बिचारी धीराची. तिने तक्रार क्रमांक दिला. काकाजींनी तो वहीत लिहून घेतला, उलट वाचून दाखवला, आणि "जेवन झालं का, बाई?" असं विचारून फोन ठेवला. 'किंचित', 'साधारण', 'अंदाजे', 'जवळपास' या शब्दांशी त्यांचं हाडवैर आहे, माणसांशी नाही.

हे वैर जुनं आहे. काकाजी बोर्डात होते. 2005 साली वीज मंडळाचे भाग पडून महावितरण झालं तरी आमच्याकडे बोर्ड तो बोर्डच. लाइनमन म्हणून लागले, प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. दिवसदिवस भारनियमन असायचं त्या वर्षांत गावाच्या शिव्या पहिल्यांदा खाणारा माणूस हाच. नोकरीभर कामं दोन: तुटलेली तार जोडायची आणि टाकलेला आकडा उतरवायचा. आणि दर महिन्याला वरून एकच विचारणा, की फीडरवर एवढे युनिट सोडले, बिलात एवढेच उतरले, मग मधले गेले कुठे? हा प्रश्न त्यांनी तीसेक वर्षं ऐकला आणि खालच्यांना ऐकवला. उत्तर साऱ्या गावाला ठाऊक होतं. ते कागदावर तेवढं लिहिता येत नव्हतं. महाराष्ट्रात टक्केवारी म्हटलं की जी वाटावाटी डोळ्यांपुढे येते, तिच्यापासून हा गृहस्थ उभी नोकरी शंभर हात लांब राहिला. निवृत्तीनंतर मात्र टक्केवारीने त्यांना घरी येऊन गाठलं.

मोजण्याची खोड गाडीच्या आधीचीच. गॅसची टाकी लावली की तारीख स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने. नळाला पाणी किती दिवसांनी आलं, ते कॅलेंडरवर. घरचा वीज मीटर सकाळ-संध्याकाळ पाहायचा, आणि आकडा काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःशीच वाचायचा. त्यांच्याकडे फ्रिज नवा आला तेव्हाची गोष्ट तर गल्लीत अजून सांगतात. दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो की नुसताच जळत राहतो, अशी त्यांना शंका आली. खात्री करायला ते दार उघडून पाहत. दिवा पेटलेला असे. लावून पुन्हा उघडत. पुन्हा पेटलेला! त्या दिवशी फ्रिजमधलं दूध नासलं, असं काकू सांगतात. काकाजी म्हणतात, दूध आधीचंच खराब होतं.

तर अशा माणसाच्या हाती गाडीसोबत मोबाइलचं अ‍ॅप आलं. गाडीत सिमकार्ड असतं, गाडी परस्पर बोलते, आणि खाटेवर पडल्या पडल्या शेडातल्या गाडीचा टक्का दिसतो, हे कळलं तेव्हा काकाजी रात्रभर झोपले नाहीत. शंभर पानी वही आणली. रकाने आखले: तारीख, रात्रीचा टक्का, सकाळचा टक्का, तापमान, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं याला बंधन नव्हतं. 'अमावस्या.' 'जावई आले होते.' 'शेजारच्या इन्व्हर्टरचा आवाज.' हा शेजारी म्हणजे मी.

पहिला संशय अर्थातच चोरीचा. ट्रॅक्टरमधलं डिझेल नळी लावून काढून नेतात, मोटरसायकलचं पेट्रोल नेतात, मग हे का नाही? काकाजींनी जन्मभर तारांवरचे आकडे उतरवले. आता त्यांना वाटू लागलं, की कोणी रात्रीतून गाडीवरच आकडा टाकतं आहे. चार्जिंगच्या झाकणाला कुलूप लावता येतं का याची चौकशी करून झाली. मग दोन रात्री बॅटरी घेऊन, म्हणजे टॉर्च घेऊन, शेडात खुर्ची टाकून बसले. गल्लीतली पोरं म्हणाली, "काकाजी, करंट काय बादलीत भरून नेतात का कोनी?" काकाजी म्हणाले, "मले नको शिकवू. म्या लोकाइले करंट कसाकसा नेताना पायलं, ते तुह्या बापालेही माईत नाई." पोरगं गप्प बसलं. त्याचा बाप जास्तच गप्प बसला.

शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा त्यांचा पुतण्या दिवाळीला आला, त्याने नीट समजावून सांगितलं. खाली मोठी बॅटरी आहे ती चाकं फिरवायला. पण बॉनेटखाली साध्या गाडीत असते तशी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही आहे. दारांची कुलपं, दिवे, आतले संगणक, सिमकार्ड सगळं तिच्यावर चालतं. ती उतरली की काही गाड्यांत मोठी बॅटरी उभ्या उभ्या तिला भरवते. शिवाय टिनाखाली रेंज धड नाही, म्हणून गाडीतलं यंत्र टॉवर शोधत बसतं, त्यालाही खायला लागतं. लिथियमची बॅटरी आपणहून फार गळत नाही, महिन्याला दोनेक टक्के. बाकीचं सगळं या जागत्या संगणकांचं.

काकाजींना हे पटलं. छोटी मोठीकडून घेते, हे त्यांना घरच्या अनुभवावरून माहीत होतं. पण पोरगा तिथे थांबला नाही. म्हणाला, "आन् काका, तो टक्का काही मोजलेला नसते. आत किती करंट गेला, किती आला, व्होल्टेज किती, गरम किती, याच्यावरून संगनक अंदाज करते."

"अंदाज?"

"हाव. त्याच्यात आपल्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज मधे लय कमी हालते. म्हनून तं कंपनी सांगते, अधूनमधून पुरी शंभर चार्ज करा. त्याच्यानं अंदाज जागेवर येते."

काकाजी बराच वेळ वहीकडे बघत राहिले. "म्हंजे मी सहा महिने अंदाजाची वही लिहून रायलो?" त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. काकूंनी माझ्या बायकोकडून पुतण्याला निरोप धाडला, की पुढच्या दिवाळीला असलं काही शिकून येऊ नको.

अंदाज नको, तर आत उतरून पाहायचं. इथे डोंगल आला. स्टिअरिंगखाली एक खाच असते, गॅरेजवाले तिथे आपलं यंत्र लावून गाडीचं दुखणं वाचतात. तिथे बसणारा बोटभर डोंगल काकाजींनी ऑनलाइन मागवला आणि कंपनीचं नव्हे, तर तिसऱ्याच कुणाचं अ‍ॅप मोबाइलवर घेतलं. आता त्यांना बॅटरीच्या पोटातल्या शंभराच्या घरातल्या पेशी एकेक करून दिसू लागल्या, प्रत्येकीचं व्होल्टेज तीन दशांश स्थळांपर्यंत. 3.304, 3.305, 3.304. त्यांचं सुख काय वर्णावं! काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माह्या गुडघ्यात एवढे डोये घालून पायलं असतं तं ऑपरेशन टळलं असतं."

त्यातच सत्तेचाळीस नंबरची पेशी निघाली. बाकीच्या 3.304 असताना ही 3.297. यंत्राच्या दृष्टीने हा फरक काही नाही. पण काकाजींचा जीव तिच्यात अडकला. "लेकरू कमजोर हाय," म्हणायचे. खामगावच्या बाजारातून येताना खड्डा आला की काकूंना सांभाळून बसायला सांगण्याऐवजी म्हणायचे, "हळू, सत्तेचाळीस हाय." एकदा मीच विचारलं, "काय म्हणते सत्तेचाळीस?" तर एवढे खूश झाले, की घरात नेऊन चहा पाजला आणि तिचा मागच्या दोन महिन्यांचा आलेख दाखवला.

डोंगल लागला आणि टक्का एकाऐवजी दोन-दोन उतरू लागला. काकाजींनी याचा अर्थ असा काढला, की चोर बिथरला आहे.

काकाजींच्या आई नव्वदीला टेकल्या आहेत. ओसरीवर खाट, खाटेवरून शेड समोरच. त्यांनी निदान केलं, "गाडीले नजर लागली. सारखं कोनतरी पाहून रायलं तिच्याकडे." आणि मीठ-मोहऱ्या, सुक्या मिरच्या घेऊन काकूंच्या हातून गाडीवरून उतरवून चुलीत टाकायला लावल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर जबर आहे, असं ठरलं. काकाजी विज्ञानाच्या बाजूचे. आईला काही बोलले नाहीत, पण वहीत शेरा मारला: 'दृष्ट काढली. फरक शून्य.'

उन्हाळा आला. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास खेळतो. टिनाच्या शेडात किती होत असेल ते गाडीलाच ठाऊक. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं हे काकाजींनी वाचलेलं. एका दुपारी काकूंना खोलीत उकडून जाग आली, तर कूलर जागेवर नाही. कूलर शेडात, गाडीच्या तोंडासमोर, ताजी वाळ्याची ताटी लावून, पाणी भरून! गाडी गार हवा खात उभी. काकूंनी त्या दिवशी काय म्हटलं ते छापता येणार नाही, पण मी मध्ये पडून हिशोब मांडायचा प्रयत्न केला. काकाजींच्या गाडीची बॅटरी तीस युनिटची. एक टक्का म्हणजे पॉइंट तीन युनिट. कूलर दोनशे वॅटचा. पाच तास चालला की एक युनिट गेलं, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. एक टक्का वाचवायला तीन टक्के!

काकाजींनी हिशोब तपासला. बरोबर निघाला. "पन कूलरचं गेलेलं दिसते ना, बाप्पा," ते म्हणाले. "कूलर सांगून खाते."

यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही. युनिटला दहा रुपये धरले तरी त्यांचा एक टक्का तीन रुपयांचा; पिंपळगावात तीन रुपयांत अर्धा चहाही येत नाही. हे म्हटलं की काकाजी वर्षाचा गुणाकार करून दाखवतात: रोजचा एक टक्का धरला तर वर्षाला 110 युनिट जवळपास, म्हणजे अकराशे रुपये. 'जवळपास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला तो एवढाच. आणि खरं सांगायचं तर इथे त्यांचं चुकत नाही. न चाललेल्या गाडीने वर्षाला अकराशे रुपये खावेत आणि पुस्तिकेने त्याला 'किंचित' म्हणावं, हे मलाही पटत नाही. फक्त मी त्यासाठी वही घातली नसती.

मग आली ती सकाळ. थंडीचे दिवस होते. मी दात घासत होतो, काकाजी शेडातून थेट माझ्या दारात. चेहरा उतरलेला. मी सवयीने विचारलं, "किती?"

"रात्री अडुसष्ट," ते म्हणाले. "सकायी एकोनसत्तर."

गाडी रात्रभर उभी होती. चार्जरची पिन खुंटीवर. आणि टक्का एकाने वाढलेला! बॅटरी रात्रभर विसावली की व्होल्टेज सावरतं आणि संगणक आपला अंदाज दुरुस्त करतो, तेवढंच ते होतं. पण काकाजी हादरले. गेलेल्याचं दुःख त्यांनी वर्षभर सोसलं होतं. हे न कमावता आलेलं त्यांना सोसवेना. नाश्ता केला नाही. "आला कुठून? ज्याचा असंन त्याचा त्याले देऊन टाकला पायजे." आईंनी खाटेवरून सुचवलं, की शेगावला जाऊन दानपेटीत टाक. काकाजी खरोखर तीन रुपये घेऊन गेले. जाण्यायेण्यात किती टक्के खर्च झाले ते वहीत आहे.

आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात, अठरा धान्यं गोलाकार ठेवतात, मधल्या खड्ड्यात ढेकळं, घागर, पापड, करंजी. रात्रीतून त्यात काय हललं ते पहाटे पाहून वर्षाचा पाऊस, पीक आणि राजगादी सांगतात. दूरदूरचे शेतकरी ऐकायला येतात. कोणीतरी काकाजींना म्हणालं, की तुमचीही रोजची घटमांडणीच चालते. रात्री मांडायचं, पहाटे पाहायचं. काकाजींना राग आला. भेंडवळचा नव्हे. "तिथी 'साधारन' लय असते," ते म्हणाले. "पीक साधारन, पाऊस साधारन. आपल्याइथी असं चालत नाई."

एवढ्यावर ते जगातलं एकमेव पात्र आहेत असं समजू नका. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै 2025 मध्ये टेस्लाने दुकान मांडलं. त्या गाड्यांचे जगभरचे मालक म्हणजे काकाजींचे सख्खे भाऊ. उभ्या गाडीची गळती मोजायला त्यांनी कंपनीबाहेरची अ‍ॅपं वापरली: टेस्लाफाय, टेस्लामेट अशी. टेस्लामेट तर लोक घरच्या संगणकावर बसवतात आणि गाडीच्या प्रत्येक श्वासाचा आलेख काढतात. गाडीभोवती कॅमेऱ्यांचा पहारा चालू ठेवला तर तासाला साधारण मैलभराचा पल्ला जातो, असं कंपनीच सांगत आली आहे. तरी पहारा बंद करवत नाही. त्या अ‍ॅपांतली खोच अशी, की गाडीला 'झोपलीस का?' हे विचारायला आधी तिला उठवावं लागतं. फार वेळा विचारलं तर ती झोपतच नाही, आणि टक्का उतरतो तो विचारण्यानेच. म्हणून असली अ‍ॅपं लिहिणाऱ्यांना शेवटी त्यात अशी सोय करावी लागली, की गाडी स्वस्थ दिसली की तू काही वेळ गप्प बस. तिकडे या गळतीचा आळ रक्त पिणाऱ्या पिशाच्चावर घालतात. आमच्या आईंनी तो नजरेवर घातला होता.

उलगडा पुण्यात झाला. नातवाच्या बारशाला काकाजी-काकू महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेले. गाडी शेडात. किल्ली माझ्याकडे, लिफाफ्यात, सोबत सूचनांचा कागद. पहिल्याच दिवशी फोन: "जरा शेडात जाऊन उभा राय बरं. कोनी हाय का पाय." मी गेलो. कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी: "फोटो टाकजो." तिसऱ्या दिवशी टक्का आजवर कधी उतरला नव्हता तेवढा उतरला. बारशाच्या गडबडीत काकाजी पाळण्याच्या दोरीला एक हात आणि मोबाइलला दुसरा, असे उभे होते म्हणे.

शेवटी सुनेने विषय हातात घेतला. ती संगणकातलीच. मोबाइलमध्ये कोणतं अ‍ॅप दिवसात किती वेळा उघडलं हे सेटिंगमध्ये दिसतं. तिने सासऱ्यांचा मोबाइल घेतला. गाडीचं अ‍ॅप एका दिवसात 43 वेळा. प्रत्येक वेळी पिंपळगावात टिनाखाली झोपलेली गाडी दचकून उठत होती, रेंज शोधत होती, 'अमुक टक्के' असं सांगत होती आणि पुन्हा झोपेपर्यंत पुढची हाक. शिवाय खाचेत अडकवलेला डोंगल आतल्या संगणकांना डोळा लागू देत नव्हता तो वेगळाच.

मुलगा जरा जास्त हसला. तेव्हा तिने त्याचाही मोबाइल उचलला. 26 वेळा. "तू कशाला?" तो म्हणाला, गाडी कुठे आहे ते दिसतं ना त्यात, अंधार पडायच्या आत बाबा घरी पोचले का, ते पाहतो. त्याच्या अकोल्याच्या ताईनेही तेवढ्याचसाठी आपल्या फोनवर ते घेतलेलं निघालं. काकाजी काही बोलले नाहीत. वही काढली, शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसले, आणि लिहिलं: 'घरचेच.'

हे फोनवर आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्या तं आधीच सांगतलं होतं. नजर."

डोंगल काढायचं काम माझ्यावर आलं. व्हिडिओ कॉल लावून, स्टिअरिंगखाली हात घालून, पलीकडून "हळू बे, हळू" ऐकत मी तो उपटला. सुनेने तिघांनाही गजानन महाराजांची शपथ घालून दिवसातून एकदाच पाहायचं ठरवून दिलं. त्यानंतर चार रात्री गाडी 64 वर होती. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट.

काकाजी परत आले ते सुकून आले. माणसाला वाटेल, जिंकले. रोज शेडात जायचे, चौसष्ट पाहायचे आणि येऊन ओसरीवर बसायचे. वही बंद. गल्लीत कोणी "किती?" विचारलं तर "तेवढेच," म्हणायचे, आणि आवाजात जीव नसायचा. काकूच मला म्हणाल्या, "अवो, काहीतरी मोजाले द्या त्याइले. घरात फिरून रायले नुसते. कालपासून माह्या डब्यातल्या लवंगा मोजून रायले."

देवाला काळजी. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 पासून चालू आहे. तीन किलोवॅटपर्यंत छतावर पॅनल लावले की 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं, आणि एका किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट धरतात. हे सगळं मीच काकाजींना सांगितलं. त्यातलं 'चारेक' त्यांनी बरोबर पकडलं. "चारेक म्हंजे किती?" डोळ्यांत जुनी चमक. पॅनल बसले, त्याचंही अ‍ॅप आलं, आणि ते दर थोड्या वेळाने आकडा बदलतं. ढग आला की उतरतो, ढग गेला की चढतो. काकाजी आता दिवसभर गच्चीवर असतात, वही शंभर पानीच्या जागी दोनशे पानी झाली आहे, आणि ढगाशी त्यांचा पत्रव्यवहार तेवढा सुरू व्हायचा राहिला आहे.

तुमच्या घरी फ्रिज, मीटर, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी, काहीही विनाकारण उतरत असेल, तर आमच्या गल्लीत या. काकाजी चहा पाजतील, पैसे घेणार नाहीत. आकडे मात्र लिहून आणा, आणि 'साधारण' म्हणू नका.